आखूड पंखांचा भुंगेरा कोणत्या गटातला, हे कसं ओळखावं

रोव्ह बीटल म्हणजे स्टॅफिलिनिडी कुळातले भुंगेरे. जाती ६०,००० हून अधिक, उपकुळं तीसच्या वर. म्हणून थेट जात ओळखायची घाई नको. उपकुळ कळलं तरी खूप झालं, आणि निदान ठळक गटांपुरतं ते दहापट भिंगातून जमतं.

आधी नमुना मिळवा. पावसाळ्यात झाडाखालचा ओलसर पाचोळा चाळणीत घेऊन पांढऱ्या कापडावर हलवा. शेण आणि अळंबीही तपासा. सापडलेला किडा बोटांनी न उचलता ब्रशने बाटलीत ढकला.

आता पाठ पाहा. पुढचे कडक पंख आखूड आणि पोट बहुतेक उघडं, लवचिक असेल तर तो आपला. उडायचे पंख त्या आखूड झाकणाखाली घडी घालून ठेवलेले असतात. मागे चिमटा दिसला तर तो इयरविग, सोडून द्या.

रंग आवर्जून बघा. काळं डोकं, नारिंगी छाती, निळसर चमकदार पंख आणि काळ्या टोकाचं नारिंगी पोट असेल तर तो पीडेरस. तो चावत नाही. त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन हे विष असतं, आणि तेही त्याच्या शरीरातले जीवाणू बनवतात. त्वचेवर चिरडला की एक-दोन दिवसांत भाजल्यासारखा चट्टा उठतो. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर साबणाने धुवा, आणि हात डोळ्यांना लावू नका. उगाच मारू मात्र नका, भातखाचरातले तुडतुडे तो खातो.

मग भिंग. मिशा डोळ्यांच्या मधून, डोक्याच्या वरून निघत असतील तर बहुधा अलिओकॅरिनी उपकुळ. डोळ्यांनी डोक्याची अख्खी बाजू व्यापली असेल तर स्टेनस: हा खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून स्प्रिंगटेल नावाचे टुणकन उडणारे बारीक जीव पकडतो, पाहायलाच हवा असा. एक-दोन मिलिमीटरचा, मिशांची टोकं गदेसारखी जाड, तर सेलॅफिनी. अळंबीवरचा गुळगुळीत, नावेच्या आकाराचा असेल तर स्कॅफिडिनी; याचे पंख बऱ्यापैकी लांब असतात, म्हणून फसायला होतं.

जुनी पुस्तकं जपून वापरा. स्किडमेनिनी हा गट आता याच कुळातलं उपकुळ आहे, पण २००९ पर्यंत तो वेगळं कुळ मानला जाई.

शेवटी चिठ्ठी लिहा: तारीख, गाव, कशात सापडला. जात ठरवताना तज्ज्ञांना अनेकदा नराचं जननेंद्रिय तपासावं लागतं, आणि नुसत्या नमुन्यावरून तो कुठे, कशात राहत होता हे त्यांना कळत नाही.