देवाने सोडले असे वाटते तेव्हा: विलापाची प्रार्थना कशी करावी

घरातले माणूस गेले, नोकरी सुटली, रिपोर्ट वाईट आला. किंवा यातले काहीच झाले नाही, तरी प्रार्थनेला बसले की आपले शब्द छताला लागून खाली पडतात असे वाटते. अशा वेळी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बहुधा एकच सल्ला मिळतो: विश्वास धरा, आभार माना. सल्ला खोटा नाही, पण अवेळी दिलेला आहे. या अवस्थेसाठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, वेगळी प्रार्थना आहे, ती म्हणजे विलाप: देवापुढे दुःख आणि तक्रार मांडणे. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि ती देवाबद्दल नाही, देवाला उद्देशून म्हटलेली आहेत. वधस्तंभावर दुपारी तीनच्या सुमारास येशूने मोठ्याने म्हटले तेही बाविसाव्या स्तोत्राचेच पहिले शब्द: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ तेव्हा असे विचारणे हे अविश्वासाचे लक्षण मानून घाबरू नका.

आधी शरीराकडे बघा. १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. होरेब डोंगरापर्यंतची चाळीस दिवसांची वाट आणि देवाशी बोलणे त्यानंतर येते. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन दिवस वेळेवर जेवण आणि पुरेशी झोप, एवढेच करा. या काळात उपास-प्रार्थना धरू नका. रिकाम्या पोटी आणि जागरणात मन अधिकच काळे होते, आणि मग तो अंधार देवाकडून आला असे वाटू लागते.

मग एक वही, पेन आणि पवित्र शास्त्र घ्या. रोज वीस मिनिटे, सात दिवस. रात्री अकरानंतर नको. एका खोलीत चार-पाच माणसे असतील तर इमारतीची गच्ची किंवा चर्च उघडे असेल तेव्हा मागचा बाक चालतो. ठाण्याहून वाशीला कामाला जाणाऱ्यांना लोकलमध्ये जवळपास अर्धा तास मिळतो. गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे एखादी सोडून पुढचीला थांबले तर बसायला जागा मिळू शकते. तिथे लिहिता येते. मोठ्याने म्हणायचे ते घरी किंवा गच्चीवर. मोठ्याने म्हणणे टाळू नका, कारण मनातल्या मनात तेच वाक्य गरगरत राहते, तोंडातून गेले की संपते.

नमुना तेराव्या स्तोत्राचा घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणे आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. तुमच्या वहीत चार भाग करा: हाक, तक्रार, मागणे, आठवण.

हाक एका ओळीची पुरे. ‘प्रभू’ किंवा ‘बापा’, जे तोंडी आहे ते.

तक्रारीवर सर्वांत जास्त वेळ द्या, वीसपैकी किमान दहा मिनिटे. इथेच बहुतेकांचे चुकते. लोक लिहितात, ‘प्रभू, मी अशक्त आहे, मला क्षमा कर.’ ही तक्रार नव्हे, तक्रारीवर घातलेले झाकण आहे. असे लिहा: ‘आईच्या डायलिसिसच्या दिवशी मी दर वेळी प्रार्थना केली. ती गेली. तेव्हा तू कुठे होतास?’ दिवस, माणूस, ठिकाण लिहा. ७७व्या स्तोत्रात तर देव दया करायला विसरला काय, असे सरळ विचारले आहे. त्याहून कडक शब्द तुमच्या वहीत क्वचितच येतील.

पहिले तीन दिवस हाक आणि तक्रार एवढेच लिहा. चौथ्या दिवसापासून मागणे जोडा, एका वेळी एकच आणि ओळखता येईल असे: आज रात्री झोप लागू दे, अमक्याचा फोन येऊ दे. सहाव्या दिवशी आठवण. इथे ‘मला आनंद वाटतो’ असे लिहायचे नाही. पूर्वी देवाने केलेली एक गोष्ट लिहायची, स्वतःच्या आयुष्यातली किंवा शास्त्रातली. ७७वे स्तोत्रही असेच वळते: वाटण्यावरून नाही, आठवण्यावरून. काहीच आठवत नसेल तर यशया ४९:१४-१६ उतरून काढा. तिथे सियोन, म्हणजे यरुशलेम नगरी, म्हणते परमेश्वराने मला सोडले, आणि तो उत्तर देतो की आई आपल्या तान्ह्याला विसरली तरी मी तुला विसरणार नाही, तुला मी आपल्या तळहातांवर कोरले आहे.

या आठवड्यात एक प्रश्न हमखास उठतो: माझ्या कुठल्या पापामुळे हे झाले? नाव घेता येईल असे काही आठवले तर ते एकदाच कबूल करा, फादरांपाशी किंवा पाळकांपाशी, आणि तिथेच सोडा. नाव नसलेला, नुसता पसरलेला अपराधीपणा खणत बसू नका. जन्मांधाबद्दल शिष्यांनी हेच विचारले होते, आणि योहान ९:३ मध्ये येशूने ना त्याला दोष दिला, ना त्याच्या आईबापांना.

उपासनेला जाणे सोडू नका, पण गाणे जमत नसेल तर नुसते उभे राहा. तेवढ्यापुरते शेजारचे तुमच्यासाठी गातात. मंडळी असते ती यासाठीच.

दुःखी माणसासोबत बसणाऱ्यांनी, मुले-मालमत्ता सगळे गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांकडून पहिली सात दिवस-रात्र शिकावी. तेव्हा ते जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले. पुढे बोलायला लागले तेव्हा चुकले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला. डबा घेऊन जा, अर्धा तास बसा, निघताना पुन्हा कधी येणार तो वार सांगा आणि त्या वारी जा. साक्षी, म्हणजे विश्वासाच्या विजयाच्या गोष्टी, सांगू नका. ठाण्यात १३२१ साली फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचे चार धर्मबंधू विश्वासासाठी मारले गेले. ही आपल्या गावची थोर गोष्ट आहे, पण तुटलेल्या माणसाला ती आज सांगितली तर ‘त्यांनी एवढे सोसले, तुला एवढेही जमेना’ असेच तिला-त्याला ऐकू येते. ती गोष्ट नंतर कधीतरी.

झोप, भूक आणि कामातला रस दोन आठवड्यांहून अधिक गेलेला असेल तर वहीसोबत डॉक्टरही लागतो. एलीयाला भाकर लागली तशीच ही गरज आहे, विश्वास कमी पडल्याची खूण नाही. मरणाचे विचार येत असतील तर सात दिवस पूर्ण होण्याची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. त्या रात्री एकटे राहू नका, घरातल्या कोणाला तरी शेजारी झोपायला सांगा.

सातव्या दिवशीही आत काही हलले नसेल तर ८८वे स्तोत्र उघडा. त्यात भरवशाचे वळण शेवटपर्यंत येत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे, आणि तरीही ते उपासनेच्या पुस्तकात ठेवले गेले. ते पूर्ण वाचा, मोठ्याने. चौथा भाग त्या दिवशी रिकामा राहिला तरी चालेल. पानावर तारीख घाला आणि आठव्या दिवशी पुन्हा हाकेपासून लिहायला बसा.