बोट लागली की धूर लागला? आउटबोर्डवाल्यांची तयारी

गेल्या डिसेंबरात मालवणजवळच्या देवबागहून गरवायला (गळाने मासे पकडायला) गेलो होतो, आतेभाऊ मागे आउटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागच्या टोकाला बाहेरून लावलेल्या इंजिनाला, टेकून बसलेला, अर्ध्या तासात म्हणतो डोकं जड झालंय, मळमळतंय. आम्ही त्याला बोट लागली म्हणून चिडवलं, आलेपाकाची वडी दिली. पण हा लहानपणापासून होडीत वाढलेला माणूस, ह्याला कशी लागेल बोट? त्याला पुढे नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बसवलं आणि थोड्या वेळात गडी नीट. तेव्हापासून निघायच्या आधी धुराची तयारी करतो, ती इथे लिहून ठेवतोय.

सुरुवात आदल्या रात्री, तेलापासून. टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागणारं इंजिन) असेल तर पुस्तिकेत दिलंय तेच प्रमाण ठेवा, 50:1 म्हणजे 10 लिटर पेट्रोलला 200 मिली, आणि ते मापाने मोजून, "घाल रे जरा जास्त, इंजिन टिकतं" ह्या सल्ल्याने नुसता निळा धूर वाढतो आणि प्लग काळा होतो. तेल आउटबोर्डचंच घ्या, मोटरसायकलचं उरलेलं नको. प्लग काढून बघा, काजळी असेल तर बदला, आणि इंजिन सुरू झाल्यावर चोक बंद करायला विसरू नका, हे मी स्वतः दोनदा विसरलोय. पावसाळाभर ठेवलेलं इंजिन नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा बाहेर काढताय तर टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं किनाऱ्यालाच चालवा, ठेवताना आत घातलेलं तेल जळून जाऊ दे. फोर-स्ट्रोकवाले (ज्यांच्या इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळत नाहीत) इथे हसतील, धूर दिसत नाही म्हणून, पण खरा घात करतो तो कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला रंग नाही, वास नाही, तो फोर-स्ट्रोकमधूनही येतोच.

मग वारा. आपल्याकडे गंमत अशी की सकाळी मतलई जमिनीकडून सुटलेला असतो, आपण समुद्राकडे चाललेलो, म्हणजे वारा पाठीमागून. दुपारनंतर परत येताना खारा वारा सुटलेला, पुन्हा पाठीमागूनच. शिडाच्या होडीला ह्याहून चांगलं काय, पण आउटबोर्डवाल्याच्या धुराला तो वारा आपल्यासोबतच घेऊन येतो, आणि होडीचा वेग वाऱ्याएवढाच असला की धूर डोक्यावर तसाच बसून राहतो. उपाय सोपा, सरळ न जाता थोडं तिरकं जा, वारा कुशीवर घ्या, पाच-दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

ताडपत्रीचं छत असेल तर आणखी एक भानगड. पुढची बाजू उन्हासाठी किंवा पाण्याच्या तुषारांसाठी बांधून टाकतात आणि मागची उघडी, मग चालत्या होडीत मागे हवा कमी दाबाची होते आणि धूर उलटा आत ओढला जातो, वारा समोरून असला तरीही! म्हणून पुढचा पडदा गुंडाळून ठेवा, हवा आरपार गेली पाहिजे. केबिन असेल तर बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

बसायची जागा आधीच ठरवा. पोरं, म्हातारी माणसं, दम्यावाले पुढे. इंजिनाजवळ सुकाणू धरणारा एकटा, त्यालाही मधेमधे बदली द्या. बहुतेक इंजिनांचा धूर वेगात असताना पाण्यातल्या पंख्यातून पाण्याखाली जातो, पण हळू चालताना किंवा नुसतं घुरघुरत ठेवल्यावर वरच्या छोट्या भोकातून बाहेर येतो, म्हणून गळ टाकून बसलात की इंजिन बंद करा. मालवणला स्नॉर्कलिंगवाले शिडीने चढत असतात आणि बाजूला इंजिन चालू, हे बघून माझं डोकंच फिरतं, धूरही आणि पंखाही तिथेच.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, एकदम झोप येणं, ही धूर लागल्याची लक्षणं बोट लागल्यासारखीच वाटतात. दोघातिघांना एकदम होत असेल किंवा मागे बसणाऱ्यालाच होत असेल तर आधी इंजिन बंद करा आणि त्याला मोकळ्या हवेत घ्या. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, त्याला हा वायू आणि ऑक्सिजन ह्यातला फरक कळत नाही, आकडा 98 दाखवेल आणि माणूस आडवा. गुंगी आली, बडबड विसंगत झाली तर वाट बघायची नाही, किनाऱ्यावर 108 आणि समुद्रात असाल तर कोस्ट गार्डचा 1554. हे दोन्ही नंबर मी टाकीच्या झाकणाजवळ रंगाने लिहिलेत, कारण ऐन वेळी मोबाईल कोणाच्या तरी पिशवीच्या तळाशीच असतो.