साउथ टायरोल, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात

तयारीची सुरुवात बॅगेपासून नको, नावांपासून करा. वहीत प्रत्येक गावापुढे त्याची सगळी नावं लिहा : बोल्झानो म्हणजेच बोझेन, ब्रुनिको म्हणजेच ब्रुनेक, आणि ऑर्तिसेईला तर तीन नावं. इटलीच्या उत्तर टोकाचा हा मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता, नंतर इटलीत आला. म्हणून खोऱ्यांत बहुतेक जर्मन बोलतात, बोल्झानो शहरात मुख्यतः इटालियन, गार्देना आणि बादिया खोऱ्यांत लादिन ही छोटी स्थानिक भाषा. हॉटेलने एक नाव कळवलं आणि तिकिटावर दुसरं आलं, तरी वही असेल तर घाबरायला होत नाही. दुकानात शिरताना कुठल्याही भाषेत नमस्कार करा. समोरचा सहज भाषा बदलतो.

मुक्काम बोल्झानोत करू नका, असं माझं स्पष्ट मत. शहर जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर. जुलैत उकडून निघता. १९९१ मध्ये हिमनदीत सापडलेला, ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा गोठलेला मृतदेह ‘ओट्झी’ तिथल्या संग्रहालयात आहे. त्याला अर्धा दिवस द्या आणि वर निघा. मला ब्रुनिको सोयीचं वाटतं : उंची आठशे मीटरच्या वर, आणि स्टेशन गावातच.

गाडी भाड्याने घेऊ नका. खोली ठरवण्याआधी ‘गेस्ट पास’ मिळतो का, हे विचारा. अनेक मुक्कामांत तो मिळतो आणि त्यावर प्रांतातल्या बस-लोकल फुकट. रुळांच्या कामामुळे मधूनच बदली बस असते, तेव्हा वेळापत्रक आदल्या रात्री पाहा. सायझर आल्म या प्रचंड कुरणाकडचा रस्ता खासगी गाड्यांना दिवसा बंदच असतो. सिउझीहून केबल कारने जा. ब्राइएस तलावाला भर उन्हाळ्यात गाडीने जायचं तर आगाऊ नोंदणी लागते.

उन्हाळ्यात सकाळी लवकर वर पोचा. दुपारनंतर ढग गडगडू लागतात, आणि उघड्या कड्यावर वीज ही चेष्टा नव्हे. १५ ऑगस्टच्या आसपास सगळी इटली सुटीवर असते; तो आठवडा टाळलेला बरा.

हिवाळ्यात स्की येत असेल तर ब्रुनिकोजवळच्या पेर्का स्टेशनवर उतरा. तिथूनच गोंडोला (बंद डब्यांची केबल कार) क्रोनप्लाट्झ डोंगराच्या स्की-उतारांवर नेते. इटलीत स्की करताना तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचा विमा सक्तीचा आहे; स्की-पाससोबतच घेऊन टाका. सेला डोंगराभोवतीची ‘सेलारोंडा’ ही स्कीची फेरी करणार असाल तर दहाच्या आत निघा आणि शेवटची खिंड साडेतीनपर्यंत ओलांडा. लिफ्ट (डोंगरावर नेणारा रोपवे) बंद झाली की पलीकडच्या खोऱ्यात अडकता आणि टॅक्सीला भरपूर युरो मोजावे लागतात. स्की येत नसेल तरी बिघडत नाही : सायझर आल्मवर हिवाळी पायवाटा आखलेल्या असतात. बुटांना लावायचे काटे मात्र हवेत.

एप्रिलअखेर ते मे आणि नोव्हेंबर मी कुणालाच सुचवत नाही; बऱ्याच लिफ्ट आणि हॉटेलं बंद असतात.

शाकाहारींसाठी : पालकाचे किंवा चीजचे क्न्योडेल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, मागवा (इटालियन मेनूत त्यांचंच नाव कानेदेर्ली). ‘श्पेक’ लिहिलेलं असेल तर त्यात डुकराचं मांस असतं. रश्शातले घेऊ नका, रस्सा बहुधा गोमांसाचा असतो. वितळलेलं लोणी घातलेले मागा.