जर्मनीत शिकायला चाललात? चर्च, रविवार आणि बाकीचं कसं जमवायचं

व्हिसा, श्पेरकोंटो (म्हणजे व्हिसासाठी पैसे आधी अडकवून ठेवायचं बँक खातं), युनिव्हर्सिटीचं लेटर, रूम शोधणं या सगळ्या धावपळीत हा विषय कुणी काढतच नाही. घरचे "चर्चला जात जा हं" एवढं सांगून मोकळे होतात, पण कुठल्या चर्चला, कुठल्या भाषेत, रविवारी शिफ्ट आली तर काय, हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून जर्मनीत येणाऱ्या ख्रिस्ती मुलामुलींसाठी हे लिहितेय. माझं स्पष्ट मत आधीच सांगते, पहिल्या महिन्यात जे लावून घ्याल तेच पुढे टिकतं. "आधी सेटल होऊ मग बघू" म्हणणारे चौथ्या सेमिस्टरलाही बघतच असतात.

निघायच्या आधी बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरण झालं असेल तर त्याचा दाखला, आणि पाळकांकडून किंवा फादरांकडून मंडळीच्या लेटरहेडवर इंग्रजीत एक साधं पत्र घेऊन ठेवा, की ही व्यक्ती आमच्या मंडळीची सभासद आहे. स्कॅन ड्राइव्हवर टाका, ओरिजिनल फाइलमध्ये. दोन वर्षांनी कुणाच्या बाळाचे धर्मपालक व्हायचं असेल किंवा लग्नाचं ठरलं तर हे कागद तिकडून मागवण्यात जीव जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आनमेल्डुंग. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरअम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या सरकारी ऑफिसात, जाऊन पत्ता नोंदवायचा असतो, आणि त्या फॉर्मवर धर्माचा एक छोटा रकाना असतो. बहुतेक जण तिथे काहीही विचार न करता लिहून टाकतात. पण त्या रकान्यावरून किर्शेनश्टॉयर म्हणजे चर्चचा टॅक्स ठरतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये तो ८ टक्के, बाकी सगळ्या राज्यांत ९ टक्के. हे ऐकून पोरं घाबरतात, कारण त्यांना वाटतं पगाराच्या ९ टक्के. तसं नाहीये, तो तुमच्या इन्कम टॅक्सच्या ९ टक्के असतो. म्हणजे वर्षाचा इन्कम टॅक्स १००० युरो बसला तर चर्चचे ९० युरो, आणि इन्कम टॅक्सच बसला नाही तर शून्य. २०२६ साली वर्षाला १२,३४८ युरोपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, आणि मिनीजॉब करत असाल, म्हणजे महिना ६०३ युरोपर्यंत, तर सहसा त्याचा जो काही फ्लॅट टॅक्स असतो तो मालकच भरतो आणि चर्चचा भाग त्यातच धरलेला असतो. त्यामुळे शिकत असताना बहुतेकांच्या खिशातून काहीच जात नाही. खरा प्रश्न येतो नोकरी लागल्यावर.

मग लिहायचं काय? कॅथलिक असाल तर बाप्तिस्मा जगात कुठेही झालेला असो, इथल्या हिशेबाने तुम्ही सभासदच आहात, तेव्हा खरं तेच लिहा. प्रोटेस्टंट असाल आणि "एव्हांगेलिश" लिहिलंत तर तुमची इथल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये सभासद म्हणून नोंद होते. पेंटेकोस्टल किंवा स्वतंत्र मंडळीतले असाल तर रकाना रिकामा ठेवणं हे काही ख्रिस्ताला नाकारणं नाही, कारण तिथे तुमचा विश्वास विचारत नाहीयेत, टॅक्स घेणाऱ्या संस्थेचं सभासदत्व विचारतायत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, नंतर पैसे वाचवायला बाहेर पडायचं म्हटलं तर सरकारी ऑफिसात जाऊन अधिकृतपणे नाव काढावं लागतं, आणि कॅथलिकांसाठी २०१२ च्या जर्मन बिशपांच्या आदेशानुसार असं नाव काढणाऱ्याला सहसा संस्कार घेता येत नाहीत. मोठा निर्णय आहे, रूममेटच्या "अरे काढून टाक, सगळे काढतात" या सल्ल्यावर घेऊ नका.

चर्च शोधताना तीन प्रकार डोक्यात ठेवा. एक, तुमच्या मोहल्ल्यातलं चर्च, एव्हांगेलिश किंवा कॅथलिक. दोन, युनिव्हर्सिटीतली विद्यार्थी मंडळी, प्रोटेस्टंटांची ती ईएसजी आणि कॅथलिकांची केएचजी, जवळपास प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या गावात असतात. तीन, फ्रायकिर्ख, म्हणजे बॅप्टिस्ट, पेंटेकोस्टल वगैरे मंडळ्या, गिटार ड्रम्सची उपासना आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजी भाषांतर. शिवाय एसएमडी नावाची विद्यार्थ्यांची चळवळ आहे, १९४९ पासूनची, त्यांचे छोटे बायबल स्टडी ग्रुप कॅम्पसवरच भरतात.

माझा सल्ला असा की रविवार एका जर्मन चर्चला द्या आणि आठवड्यातली एक संध्याकाळ विद्यार्थी ग्रुपला. फक्त भारतीय फेलोशिपमध्ये राहिलात तर छान वाटतं, रडायला खांदा मिळतो, सगळं आहे, पण दोन वर्षांनी जर्मन येत नाही आणि जर्मन मित्रही नसतो. आणि फक्त जर्मन चर्चला गेलात तर पहिले काही महिने फार एकटं वाटेल, कारण पहिल्यांदा जाल तेव्हा मोठं दगडी चर्च, ऑर्गन जबरदस्त आणि बसलेली माणसं मोजकी, त्यातली निम्मी आजी-आजोबा. २०२२ पासून तर या देशात दोन्ही मोठ्या चर्चचे सभासद मिळून लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी झालेत, त्यामुळे दचकू नका, तुमच्यामुळे कोणी उठून गेलेलं नाहीये.

जर्मन येत नाही म्हणून मागच्या बाकावर गप्प बसायची गरज नाही. आत शिरताना शेल्फवरून गीतांचं पुस्तक उचला, प्रोटेस्टंटांकडे एव्हांगेलिशेस गेझांगबूख, कॅथलिकांकडे गोटेसलोब. भिंतीवर एक लाकडी पाटी असते तिच्यावर नुसते आकडे लावलेले असतात, वरून खाली त्याच क्रमाने गाणी येतात, आणि आकड्याशेजारी छोटे आकडे असले तर ती कडवी, म्हणजे सगळी कडवी गायची नाहीत. एवढं कळलं की अर्धी उपासना हातात येते. चाली बऱ्याचदा ओळखीच्या निघतात. प्रभूची प्रार्थना जर्मनमध्ये पाठ करून जा, चार दिवसांचं काम आहे. प्रभुभोजन प्रोटेस्टंट चर्चमध्ये दर रविवारी असेलच असं नाही, आणि पुष्कळ ठिकाणी वाइनऐवजी द्राक्षाचा रस असतो. संपल्यावर कॉफी असेल तर थांबा! जर्मन माणूस स्वतःहून येऊन बोलेल याची वाट बघत दाराशी उभं राहू नका, तुम्हीच जाऊन नाव सांगा, एकदा ओळख झाली की तीच आजी तुमची आनमेल्डुंगची पत्रं वाचून देईल.

रविवारची दुकानं बंद असतात हे सगळे सांगतात, पण तो नुसता रिवाज नाहीये, रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेतच संरक्षण आहे. त्यामुळे सुपरमार्केटमध्ये पार्टटाइम केलं तर रविवार बहुतेक मोकळाच. अडचण येते ती रेस्टॉरंट, डिलिव्हरी, हॉटेल, केअर होम असल्या कामांत. तिथे इंटरव्ह्यूलाच सांगा की रविवारी सकाळी मी नाही, संध्याकाळी येईन. मॅनेजरला कारणाशी घेणं नसतं, त्याला रोस्टर हवं असतं, आणि आधी सांगितलं तर सहसा चालतं, नंतर सांगितलं तर भांडण होतं. कॅथलिकांना तर सोपा मार्ग आहे, शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, त्याचा अपराधीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. केएचजी आणि ईएसजीमध्ये बऱ्याच ठिकाणी रविवारी संध्याकाळी उपासना असते, सकाळच्या शिफ्टवाल्यांना ती बरी पडते. आणि किराणा शनिवारीच, नाहीतर उपासनेत बसून डोक्यात घरात काय खायला आहे हेच चालू राहतं.

रोजच्या प्रार्थनेबद्दल मोठमोठे संकल्प नकोत. पाच मिनिटांचं काहीतरी ठरवा आणि ते प्रवासात बसवा, ट्राममध्ये, बसमध्ये. इथे हेर्नहूटर लोझुंगेन म्हणून एक छोटं पुस्तक मिळतं, १७३१ पासून दरवर्षी छापतायत, रोज जुन्या करारातलं एक वचन आणि नव्यातलं एक. त्याचं ॲपही आहे. मी काय सुचवेन, फोनवर मराठी बायबल ठेवा आणि तेच वचन शेजारी जर्मनमध्ये वाचा. जे स्तोत्र मराठीत तोंडपाठ आहे, समजा तेविसावं, ते जर्मनमध्ये वाचताना डिक्शनरी लागतच नाही, आणि भूतकाळ-भविष्यकाळ आपोआप डोक्यात बसतो. परीक्षेच्या महिन्यात एवढंच करा, ग्रुप, क्वायर, मीटिंग सगळं बाजूला ठेवलं तरी चालेल. थीसिस लिहिताना तीन कमिट्यांवर काम करणारे मी बघितलेत, त्यात आध्यात्मिक असं काही नाहीये.

घरच्यांबरोबर फोनवर प्रार्थना करत असाल तर वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास पुढे जातात, त्या दिवशी दर वर्षी कोणीतरी शेवटच्या गीताला धापा टाकत चर्चमध्ये शिरतं. २०२७ मध्ये गंमत म्हणजे ईस्टर २८ मार्चला आहे, तोच तो रविवार, आणि पहाटेच्या अंधारात पेटणाऱ्या ईस्टरच्या विस्तवासमोर उभं राहायचं असेल तर झोपेचा एक तास असाच जाणार.

सणांचं वेळापत्रक समजून घ्या. गुड फ्रायडेला सुट्टी असते आणि तो कायद्याने "शांत" दिवस आहे, बऱ्याच राज्यांत त्या दिवशी डान्स पार्ट्यांवरही बंदी असते. ईस्टर सोमवारीही सुट्टी. मधला शनिवार तेवढा दुकानांसाठी उघडा.

नाताळ मात्र नीट आखा. इथे मुख्य दिवस २४ डिसेंबरची संध्याकाळ, दुकानं दुपारीच बंद होतात, मग २५ आणि २६ दोन्ही सुट्टी. वर्षभर रिकामं असणारं चर्च त्या संध्याकाळी इतकं भरतं की उभं राहायला जागा नाही. आणि तुमचं व्होनहाइम, म्हणजे विद्यार्थ्यांचं हॉस्टेल, उलट ओस पडतं, जर्मन पोरं घरी जातात, किचनमध्ये तुमचा एकट्याचा आवाज. भारतात नाताळ म्हणजे घरभर माणसं असं असलेल्यांना तो दिवस खरंच जड जातो. त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटी, ॲडव्हेंट सुरू होतानाच, ईएसजी किंवा केएचजीमध्ये विचारा की २४ तारखेला काय आहे, कारण मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी बरेचदा जेवण ठेवलेलं असतं. कोणी घरी बोलावलं तर हो म्हणा, संकोच करू नका, जर्मन माणूस उगाच तोंडदेखलं बोलवत नाही.

वर्गातल्या लोकांचे प्रश्न येणारच. पूर्वेकडच्या राज्यांत, लाइपझिग, ड्रेस्डेनकडे, बहुतेक मुलं कुठल्याच धर्माची नसतात आणि "तू खरंच देव मानतेस?" असं अगदी सरळ विचारतात. त्यात खवचटपणा कमी आणि कुतूहल जास्त असतं, सरळ उत्तर द्या. पार्टीत ज्यूस घेतलात तर कोणी का म्हणून विचारत नाही, हा एक मोठा आराम. दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे "भारतीय आणि ख्रिश्चन? कधी कन्व्हर्ट झालात?" यावर चिडण्यापेक्षा त्यांना त्यांच्याच माणसाची गोष्ट सांगा. जर्मनीतल्या हाल्लेत शिकलेला मिशनरी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग १७०६ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरला आणि १७१५ पर्यंत त्याने तमिळमध्ये नवा करार छापून काढला, आणि केरळातल्या थोमाच्या ख्रिस्ती मंडळ्या तर त्याच्याही कित्येक शतकं आधीपासून होत्या. बहुतेकांना त्सीगेनबाल्ग हे नावच माहीत नसतं.

एक सावधगिरी. मेन्सा म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनबाहेर किंवा स्टेशनवर कोणी फार गोड बोलून "बायबल स्टडी"ला बोलावलं तर पहिला प्रश्न, तुमच्या मंडळीचं नाव काय? टाळाटाळ झाली तर जाऊ नका. आठवड्यात तीन-चार मीटिंग, घरी सांगू नकोस, जुने मित्र सोड, बाकी सगळी चर्च चुकीची, ही सगळी धोक्याची चिन्हं. एकट्या, नवीन आलेल्या मुलामुलींनाच हे लोक गाठतात. शंका आली तर दोन्ही मोठ्या चर्चमध्ये अशा गटांची माहिती ठेवणारे खास सल्लागार असतात, ईएसजीचे पाळक त्यांचा नंबर देतील.

दानाचं बोला तर श्पेरकोंटोमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात. त्याचा दशमांश ९९ युरो, आणि त्या ९९ युरोंत काय काय भागतं हे इथे आल्यावर कळेल. शिवाय ते पैसे बहुतेकांचे आई-वडिलांच्या कर्जाचे असतात. उधारीच्या पैशातून दशमांश काढण्यापेक्षा क्वायरमध्ये गा, कॉफीचे कप धुवा, नवीन आलेल्याला ब्युर्गरअम्टमध्ये सोबत करा. स्वतःची कमाई सुरू झाली की मग बघा. यावर आमच्याकडे वाद होतात, होऊ देत.

आणि उलट वेळ आली, म्हणजे पैसे संपले, रूम गेली, घरी कोणी आजारी पडलं, तर लाजून बसू नका. विद्यार्थी मंडळीचे पाळक ऐकलेलं बाहेर बोलत नाहीत, आणि त्यासाठी सभासद असायची अट नाही. रात्री-बेरात्री फारच वाईट वाटलं तर टेलेफोनझीलझोर्ग ही फोनवर मन मोकळं करायची हेल्पलाइन आहे, ०८०० १११०१११, फुकट, चोवीस तास, नाव न सांगता, फक्त भाषा मुख्यतः जर्मन. ब्रोट फ्युर डी वेल्ट या संस्थेचा परदेशी विद्यार्थ्यांसाठी अडचणीच्या वेळचा एक निधीही आहे, आपल्यासारख्या देशांतून आलेल्यांसाठीच, धर्म कुठलाही चालतो, आणि तो ईएसजीमार्फत मागायचा असतो. म्हणून पहिल्या महिन्यात एकदा तरी ईएसजीच्या ऑफिसात डोकावून नाव सांगून या, कॉफी बहुतेक फुकट असते.