टेक कंपन्यांची हातमिळवणी: शेअर घेण्याआधीचा हिशोब

व्यापाऱ्याने केळीचा बाग बोलून ठेवला म्हणजे पैसे आले, असं जळगावच्या रावेर-यावलमध्ये कुणी धरत नाही. घड कापले, काट्यावर वजन झालं, गाडी हलली, की मग सौदा. टेक कंपन्यांच्या भागीदारीची बातमीही याच नजरेने वाचायची.

टीव्ही बाजूला ठेवा आणि एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजारांच्या साइटवर कंपनीने दिलेलं मूळ पत्र उघडा. त्यात रक्कम, मुदत आणि करार पक्का आहे की नुसता सामंजस्य करार (म्हणजे फक्त इरादा, पक्कं बंधन नाही), एवढं पाहा. इन्फोसिसने सप्टेंबर २०२३ मध्ये १५ वर्षांचा, १.५ अब्ज डॉलरचा एआयचा सामंजस्य करार कळवला होता. डिसेंबरात समोरच्या कंपनीने तो मोडला. पक्का करार झालाच नाही. पत्रात रक्कमच नसेल तर आमच्या मते तिथेच थांबावं.

रक्कम असेल तर कागद-पेन घ्या. समजा ६०० कोटींचं काम, ५ वर्षांत. म्हणजे वर्षाला १२० कोटी. निव्वळ नफा १० टक्के धरला तर वर्षाला १२ कोटी, पाच वर्षांत ६० कोटी. कंपनीचं बाजारमूल्य (सगळ्या शेअरची मिळून किंमत) ४,००० कोटी आणि शेअर एका दिवसात १५ टक्के चढला, तर बाजाराने ६० कोटींच्या नफ्यासाठी ६०० कोटी मोजले. पुढे आणखी कामं मिळतील ही आशा त्यात आली. ती आशा तुम्हाला पटते का, एवढाच प्रश्न उरतो.

त्या दिवशीची निफ्टी आयटीची, म्हणजे आयटी कंपन्यांच्या निर्देशांकाची, चाल वजा करायला विसरू नका. शेअर ६ टक्के वर आणि निर्देशांक २ टक्के वर, तर बातमीच्या वाट्याला ४ टक्केच. आधीच्या आठ-दहा दिवसांतही शेअर चढलेला असेल तर बातमी भावात आधीच मुरलेली असते.

हात मिळवला की भाव चढतोच असंही नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी भागीदारी जाहीर केली, त्या दिवशी नोकियाचा शेअर सुमारे १४ टक्के पडला. स्वतःची सिम्बियन ही फोनची प्रणाली सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर जाणं गुंतवणूकदारांना रुचलं नाही.

घ्यायचंच ठरलं, तर सकाळी सव्वानऊला मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला खरेदी) टाकू नका; गॅप-अपच्या, म्हणजे कालच्या भावापेक्षा उडी मारून उघडलेल्या शेअरच्या, टोकाचा भाव गळ्यात पडतो. लिमिट ऑर्डर लावा, म्हणजे जास्तीत जास्त किती भाव द्यायचा ते तुम्हीच ठरवा. ५ टक्के सर्किटच्या (दिवसात ५ टक्क्यांपलीकडे वर-खाली जाऊ न देणारी मर्यादा) छोट्या शेअरपासून तर दूरच राहा: वर लागलं की विकणारा नसतो, खाली लागलं की घेणारा.