व्हिडिओत फोटो धूसर दिसतोय? आधी हे तपासा

सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्याचा फोटो मोबाइलवर लख्ख, पण व्हिडिओ एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकला की आयाळ पुसट. लगेच शार्पन (कडा ठळक करणारा इफेक्ट) मारू नका, त्याने कडा पांढऱ्या पडतात.

आधी प्रीव्ह्यूचं रिझोल्यूशन बघा. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ते १/२ किंवा १/४ असेल तर फुल करा. बऱ्याचदा धूसरपणा तिथंच संपतो; फाइलमध्ये दोष नसतोच.

नाही संपला, तर फोटोची रुंदी पाहा. १९२० बाय १०८० च्या फ्रेममध्ये फोटो रुंदीभर बसवून दीडपट झूम करायचा असेल तर तो किमान २८८० पिक्सेल रुंद हवा. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. जळगाव-धुळ्याकडून लग्नाचे फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आवर्जून सांगा. गेलेला तपशील कुठलंच सॉफ्टवेअर जसाच्या तसा परत आणत नाही.

प्रीमियरमध्ये ‘स्केल टू फ्रेम साइज’ टाळा. हा पर्याय फोटोचे पिक्सेलच कमी करून तो फ्रेमएवढा करून टाकतो, मग झूम केलं की फाटतो. ‘सेट टू फ्रेम साइज’ (नव्या आवृत्तीत ‘फिट टू फ्रेम’) वापरा. मूळ पिक्सेल शाबूत राहतात.

यूट्यूबसाठी व्हिडिओ १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम असेल तर एक्स्पोर्ट करताना बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) ८ एमबीपीएसच्या (मेगाबिट प्रति सेकंद) खाली नेऊ नका.