क्रूझ कोचीला लागली की हातात आठ तास असतात, ते कसे वापरायचे

मुंबईहून कोची-लक्षद्वीप करणारी क्रूझ आता आपल्याकडचे बरेच लोक घेतात, आणि कोचीला उतरल्यावर काय करू हा प्रश्न मला ओळखीतल्या चार जणांनी तरी विचारला, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, अलेप्पीच्या नादाला लागू नका. गेटबाहेर टॅक्सीवाले लगेच बॅकवॉटर बॅकवॉटर करत मागे लागतात. अलेप्पी पन्नासेक किलोमीटर आहे, जाऊन येऊन हायवेच्या ट्रॅफिकमध्ये तीन-साडेतीन तास सहज जातात आणि हाउसबोटीत जेमतेम तास मिळतो. मुन्नार तर विसराच, ते सव्वाशेच्या वर आहे. आम्ही पहिल्या वेळी अलेप्पी केलं होतं, येताना पूर्ण रस्ता आई घड्याळ बघत बसली होती आणि बाबा एक शब्द बोलले नाहीत, ती संध्याकाळ मला अजून आठवते. जहाज कोणासाठी थांबत नाही. सुटायच्या तास-अर्धा तास आधी वर चढायचं असतं आणि ती वेळ रूममध्ये येणाऱ्या रोजच्या पत्रकावर छापलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा, त्यावर पोर्ट एजंटचा, म्हणजे बंदरावर जहाजाचं काम बघणाऱ्या माणसाचा, नंबर असेल तर तोही. शिप कार्ड आणि ओरिजिनल आधार किंवा पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा, परत येताना बंदराच्या गेटवर दोन्ही बघतात.

जहाज जिथे लागतं ते विलिंग्डन आयलंड, आणि हे बेट मुळात इतकं मोठं नव्हतंच, रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरने बंदर खोल करताना निघालेला गाळ टाकून टाकून ते बनवलं, 1920-30 च्या काळात. नाव लॉर्ड विलिंग्डनचं, तोच जो त्याआधी 1913 ते 1918 मुंबईचा गव्हर्नर होता, ताडदेवचा विलिंग्डन क्लब त्याच्याच नावाचा. बेटावर बघायला फारसं काही नाही. बाहेर येऊन सरळ रिक्षा किंवा ॲपवरून कॅब करा.

आता माझा नियम: लांबचं आधी, जवळचं शेवटी. बघायचे ते कोचीचे दोन जुने भाग, त्यातलं फोर्ट कोची लांब आहे, मट्टनचेरी परतीच्या पुलाच्या जवळ आहे. म्हणून सकाळी आधी फोर्ट कोची, दुपारनंतर मट्टनचेरी, मग संध्याकाळी ऑफिसं सुटून पुलावर गर्दी झाली तरी तुम्ही जहाजाच्या जवळ असता. शिवाय फोर्ट कोची पायी फिरायचंय आणि कोचीचं ऊन म्हणजे आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखं, घामाने कपडे अंगाला चिकटतात, त्यामुळे ते दहाच्या आत झालेलं बरं.

फोर्ट कोचीला चिनी जाळी असतात, चीनवला म्हणतात तिकडे. फोटो सगळेच काढतात, तुम्ही दहा मिनिटं नुसते उभे राहून बघा. सागवानी वाशांचा मोठा सांगाडा, पुढे पाण्यात जाळं, आणि मागे दोरांना एकाखाली एक लटकवलेले मोठाले दगड. चार-पाच माणसं मिळून दोर खेचतात, तसे दगड एकेक करून खाली टेकतात आणि जाळं पाण्यातून वर येतं, इतकं हळू की आधी वाटतं काही हलतच नाहीये. मासे बहुतेक वेळा मूठभरच निघतात. तुम्हालाही दोर ओढायला बोलावतात, जरूर ओढा, पण नंतर पैसे द्यायचे असतात हे धरून चला, पन्नास-शंभर द्यावेत, मेहनतीचं काम आहे ते.

तिथून पाच मिनिटांवर सेंट फ्रान्सिस चर्च, पोर्तुगीजांनी 1503 मध्ये आधी लाकडाचं बांधलेलं. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला आणि इथेच पुरला होता, 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, पण जागा दाखवतात. मला त्याच्यापेक्षा वरचे कापडी पंखे आवडले, लांब दांडीला लावलेले पडदे आणि त्यांचे दोर भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलेले, बाहेर बसून माणूस दोर ओढायचा आणि आत वारा यायचा.

जेवण बारा-साडेबाराला उरका, उशीर केला तर गर्दी होते. केळीच्या पानावरचं मील्स घ्या, तो जाड लालसर मट्टा भात पहिल्या घासाला विचित्र लागतो, सांबारात कालवला की छान लागतो. मासे खाणाऱ्यांनी करीमीन पोल्लिचतु, पानात गुंडाळून भाजलेला मासा. आणि टेबलावर गुलाबी कोमट पाणी आलं तर परत पाठवू नका (आमच्या आत्याने पाठवलं होतं), ते पतिमुगमची लाकडं टाकून उकळलेलं असतं, आपण ज्याला पतंग म्हणतो तेच झाड. उकळलेलं असल्यामुळे पोटालाही बरं.

मट्टनचेरीला जायच्या आधी वार बघा, हे फार जण चुकतात. मट्टनचेरी पॅलेस शुक्रवारी बंद. ‘परदेशी सिनेगॉग’ नावाचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, ते शुक्रवार-शनिवार धरूच नका, शनिवार म्हणजे ज्यूंचा सुट्टीचा दिवस. आपल्या रायगडातले बेने इस्राएल ज्यू तेलाच्या घाण्याचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, तोच शनिवार. सिनेगॉग 1568 चं आहे, चपला बाहेर काढाव्या लागतात आणि त्यामुळे पायाखाली त्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या नीट लागतात, सगळ्या हाताने रंगवलेल्या. खाली वाकून दोन शेजारच्या फरश्या बघा, फरक दिसतो. पॅलेसमध्ये राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण रंगवलंय, फोटो काढू देत नाहीत, ते एका अर्थी बरंच आहे, लोक डोळ्यांनी बघतात.

आणि आता जे कुठल्याच टूरवाल्याने आम्हाला सांगितलं नाही ते. मट्टनचेरीतच चेरलाई म्हणून भाग आहे, तिथे कोकणी बोलणारे गौड सारस्वत राहतात, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेल्यांचे वंशज. त्यांचं तिरुमला देवस्वम मंदिर तिथेच आहे. मंदिर दुपारी बंद असतं, त्यामुळे देवदर्शन हवंच असेल तर क्रम उलटा करून सकाळी आधी इथे या, आणि पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं. नाही जमलं तरी गल्लीतून एक चक्कर मारा. सगळीकडे मल्याळम ऐकून कान दमलेले असताना अचानक अर्धं-अधिक कळणारं बोलणं कानावर पडतं, मी अक्षरशः थांबले. याच समाजातल्या तीन वैद्यांनी, रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट, डच गव्हर्नर व्हान र्‍हीडला मलबारच्या वनस्पतींची माहिती दिली, आणि 1678 पासून ॲमस्टरडॅमला छापलेल्या हॉर्टस मलबारिकस या ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्यांचं 1675 चं कोकणी प्रशस्तिपत्र चक्क नागरी लिपीत छापलेलं आहे. हे वाचून मग ती गल्ली बघितली की वेगळीच वाटते.

मसाले घ्यायचे तर सिनेगॉगसमोरच्या चकचकीत दुकानांतून नको, रिक्षावाला आग्रहाने नेईल तिथूनही नको, बाजार रोडच्या गोदामांकडे जा, सुंठीच्या वासाने नाक झणझणतं तोच रस्ता. वेलदोडा फोडून बघा, दाणे काळे आणि किंचित चिकट हवेत, सुकून तपकिरी झाले असतील तर जुना माल. मिरी अर्धा किलो पुरे, सीलबंद पाकीट घ्या म्हणजे जहाजावर चढताना सामान तपासतात तेव्हा कटकट नाही.

जहाज सुटायच्या दोन तास आधी रिक्षात बसलेले असा. वर गेलात की लगेच आंघोळीला जाऊ नका, डेकवर डाव्या बाजूला जागा धरा. जहाज फोर्ट कोची आणि समोरच्या वायपीन बेटाच्या मधल्या अरुंद तोंडातून बाहेर पडतं आणि सकाळी बघितलेली ती जाळी डाव्या हाताला अगदी जवळून जातात, वरून बघताना दोर खेचणारी माणसंही दिसतात, आमच्या वेळी त्यातल्या एकाने हात केला होता.